दोन तोंडांची वही

बद्रीनाथ कारकून मराठीत दोनदा नापास झाला होता, आणि जन्मल्यापासून तो मराठीशिवाय दुसरं काही बोलला नव्हता. आता याला काय म्हणावं? शाळा झाली निजामाच्या राज्यात, सगळी उर्दूत. पोलीस अ‍ॅक्शननंतर आठ वर्षं कशीबशी निभावली. मग जिल्हा मुंबई राज्यात गेला आणि कचेरीत हुकूम निघाला, की तीन खेपांत मराठीची परीक्षा पास व्हा, नाहीतर कारकुनी सोडा. तिसऱ्यांदा आपटला असता तर सोयगावला शिपाई म्हणून जाऊन लोकांना पाणी पाजावं लागणार होतं.

म्हणून रोज कचेरी सुटली की तो गुलमंडीजवळ शिकवणीला बसायचा. शिकवायला नानासाहेब मास्तर, पुण्याकडचे. त्यांची लाल पेन्सिल त्याच्या दोनच अक्षरांवर तुटून पडायची. उर्दूच्या लिपीत ना ण, ना ळ. त्यामुळं 'पाणी'चं 'पानी' व्हायचं आणि 'शाळे'ची 'शाला'.

"बद्रीनाथराव, बोलताना तर ळ नीट म्हणता."

"तोंडाला येतंय मास्तर. हाताला नाय येत."

मागं कुणीतरी फिदीफिदी हसलं. त्याची कानशिलं तापली. चाळिशीचा बाप्या, आणि दोन अक्षरांनी त्याच्या नाकी नऊ आणले होते.

नवी वहीसुद्धा त्यानं सवयीनं उर्दू पुस्तकासारखी उघडली, म्हणजे शेवटच्या पानावर, आणि तिथून पुढच्या बाजूला लिहीत निघाला. मास्तरांनी कपाळावर हात मारला, पण तोवर दहा पानं भरली होती. राहू द्या म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी कचेरीत, भाकरी खाऊन तो हात पुसत असताना, वही टेबलावरून पडली आणि सुलट्या बाजूनं उघडली. पहिल्या पानावर शुद्धलेखन होतं. अक्षर त्याचंच, तोच कललेला र, तीच लांब वेलांटी. पण चूक एक नाही. ण आणि ळ जिथल्या तिथं. अशी दहा पानं भरलेली होती, त्याच दहा धड्यांची.

कुणाची तरी चेष्टा, म्हणून तो दिवसभर धुमसला. घरी बायकोला, वच्छलाबाईला विचारलं.

"मला कुठं लिव्हता येतंय?" ती म्हणाली.

त्यानं वही पेटीत ठेवून कुलूप लावलं. सकाळी पुढच्या बाजूला अकरावं पान भरलेलं होतं. 'कमळाच्या तळ्याकाठी बाळ खेळत होते.' आणि संध्याकाळी मास्तरांनी नेमकं तेच वाक्य सांगितलं.

घाबरायला हवं होतं. पण त्याला आला तो राग. मी इथं मरमर मरायचं, आणि हा कोण आयतोबा माझ्याच अक्षरात बिनचूक लिहितोय? मग विचार केला, लिहितोय तर लिहू दे. रोज सकाळी तो पुढचं पान घोकायचा आणि संध्याकाळी आपल्या बाजूला उतरवायचा. लाल खुणा कमी होत होत बंद झाल्या. मास्तर सगळ्यांसमोर शाबास म्हणाले. ती शाबासकीही त्याला झोंबली, कारण ती त्याची नव्हती.

मधली कोरी पानं मात्र संपत आली. तिकडून एक भरायचं, इकडून एक. परीक्षेच्या आदल्या दिवशी मधोमध समोरासमोरची दोनच पानं उरली, डावं त्या दुसऱ्याचं, उजवं बद्रीनाथचं. ती भरली की पुढं काय, हे बद्रीनाथच्या पहिल्यांदाच मनात आलं. त्या संध्याकाळी तो शिकवणीला गेलाच नाही. उजवं पान कोरं ठेवलं आणि वही सुतळीनं बांधून टाकली.

परीक्षेला मास्तरांसारखाच कुणी पुण्याकडचा गृहस्थ मजकूर सांगायला उभा होता. त्यानं तोंड उघडायच्या आधीच बद्रीनाथचा हात चालू झाला.

ण आला. ळ आला.

हात थांबवावा, असं त्याला वाटलं. वाटलं तेवढंच.

तीन आठवड्यांनी निकाल लागला. तो जिल्ह्यात पहिला होता. घरी येऊन त्यानं चपला ओळीत लावून ठेवल्या.

"मी उत्तीर्ण झालो," तो म्हणाला.

"अवं, पास झालो म्हना की," वच्छलाबाई म्हणाली. "आसं पुस्तकावानी काय बोलायलात? म्हैना झाला ऐकायले मी."

तिनं पेटीतून नवं लुगडं काढताना वही बाहेर ठेवली. सुतळी सैल झाली होती. वही मधोमध उघडली.

"ह्ये तुमचं आधीचं वाकडंतिकडं अक्षर की. मला वळखू येतंय. काय लिव्हलंय वो?"

त्यानं वही हातात घेतली. डावं पान कोरं होतं. उजव्या पानावर लिहिलं होतं, 'वच्छला, त्यो मानूस मी नाय. हितं लई कालोख हाये.'

"शुद्धलेखन आहे," तो म्हणाला आणि खिशातून लाल पेन्सिल काढली. 'मानूस'मधल्या न चा ण केला. 'कालोख'मधल्या ल चा ळ केला.

ओळीखाली आणखी एक अक्षर उमटू लागलं होतं. ते पुरं व्हायच्या आत त्यानं वही मिटली आणि तिला जेवायला वाढायला सांगितलं.