अनिमिषेचा ठोका

पाककलेच्या स्पर्धेत इचलकरंजीच्या एक बाई कॅमेऱ्याकडे बघून गोड हसल्या आणि म्हणाल्या, की मला अजिबात टेन्शन नाही. त्याच क्षणी पडद्यावर त्यांच्या हनुवटीखाली आकडा उमटला, एकशे बत्तीस. सोफ्यावर मटार सोलत बसलेली वृंदा खुदकन हसली. हल्ली तिला पदार्थांपेक्षा यातच जास्त मजा यायची.

पडद्यावरच्या माणसाचे ठोके मोजून दाखवणारा नाडीपट घरोघरी येऊन दोनेक वर्षं झाली होती. तत्त्व तसं साधं. हृदयाचा ठोका पडला, की चेहऱ्याच्या कातडीत रक्ताची एक लहानशी लाट येते आणि कातडी किंचित, अगदी किंचित लाल होते. आपल्या डोळ्यांना ते दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतं. अपुऱ्या दिवसांच्या बाळांवर वायरी न लावता लक्ष ठेवता यावं म्हणून दवाखान्यांसाठी हे तंत्र निघालं, आणि तिथून ते टीव्हीत कधी शिरलं ते कुणाला कळलंही नाही. तोंडाला रंगाचा थर असला की आकडा येत नसे. म्हणून वृंदानं मालिका सोडल्या होत्या, आणि पुढारी मंडळी नवरीसारखी नटून मुलाखतीला येऊ लागली होती.

वृंदाचा नवरा शेखर मणेरीकर कोल्हापुरातल्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवायचा. पण ती झाली पोटापाण्याची गोष्ट. त्याचा खरा जीव होता एका सिनेमात.

‘नवव्या मजल्यावरची विहीर’ हा सिनेमा चौतीस वर्षांपूर्वी आला आणि आठवड्यात गेला. एका अर्धवट बांधलेल्या इमारतीच्या नवव्या मजल्यावर विहीर असते, बायका लिफ्टनं पाणी भरायला येतात, नायक पोहऱ्यातून स्वतःच्याच लग्नाची वरात वर काढतो, असला सगळा प्रकार. कुणालाही ओ की ठो कळलं नाही. पुढे कॉलेजच्या पोरापोरींना तो सापडला, तेव्हा हे न कळणं हेच त्याचं मोठेपण ठरलं. सिनेमाचे हे भक्त स्वतःला विहीरकर म्हणवून घेत, आणि विहीरकरांचा मुख्य पुजारी म्हणजे आमचा शेखर.

तर या सिनेमात दोनदा एक सहा-सात वर्षांची मुलगी दिसते. विहिरीच्या काठावर पाय आत सोडून बसलेली आणि सरळ आपल्याकडे बघणारी. ती बोलत नाही, हलत नाही, पापणीसुद्धा लववत नाही. श्रेयनामावलीत तिचं नाव नाही. विहीरकरांनीच तिचं बारसं केलं, अनिमिषा. मग काय विचारता, जो तो तिचा अर्थ लावायला बसला. कुणी म्हणे ती नायकाची न जन्मलेली मुलगी, कुणी म्हणे ती स्वतःच विहीर. नाशिकचा एक दातांचा डॉक्टर तर शपथेवर सांगायचा, की ती म्हणजे दिग्दर्शकाचं बालपण. दिग्दर्शक बिचारा केव्हाच वारला होता, त्यामुळे भांडण मिटवायला कुणी नव्हतं. शेखरनं मात्र सगळ्यांवर कडी केली. त्यानं दोनशे पानांचं पुस्तक लिहून ठरवून टाकलं, की अनिमिषा म्हणजे काळ. ‘तिच्या डोळ्यांत भय नाही, आशा नाही, माणसाचं म्हणून काहीही नाही,’ हे वाक्य व्याख्यानात म्हणताना त्याच्या स्वतःच्याच अंगावर काटा यायचा.

त्या मटारच्या संध्याकाळी त्याच्या डोक्यात लख्खकन आलं, की अनिमिषेच्या तोंडाला रंग नाही.

सिनेमाची जुनी प्रत नुकतीच साफसूफ होऊन सगळ्यांसाठी खुली झाली होती. सेकंदाला चोवीस चित्रं, स्थिर चेहरा, उघडी कातडी, नाडीपटाला आणखी काय लागतं? कॉलेजच्या प्रयोगशाळेत त्यानं दोन्ही दृश्यं यंत्रातून काढली. पहिल्या दृश्यात ठोका एकशे अठ्ठावन्न निघाला. दुसऱ्यात निघाला चौऱ्याहत्तर. चेहरा तोच, नजर तीच, फ्रॉकसुद्धा तोच. पण पहिल्यात काळीज नुसतं धावत होतं, आणि दुसऱ्यात इतकं संथ चाललं होतं, की वर्गात बाकावर बसलेल्या पोराचंही तितकं संथ नसतं.

खरं तर फिजिक्सच्या मास्तरला एवढं पुरायला हवं होतं. लहान पोराचं काळीज जागच्या जागी बसून इतकं धावतं ते कशानं, हे कुठल्याही आईनं सांगितलं असतं. पण वीस वर्षं जिला काळ म्हटलं तिला एकदम पोर कसं म्हणायचं? शेखरनं दोन्ही आलेख आणि ठोक्यांचा आवाज विहीरकरांच्या संकेतस्थळावर टाकला आणि वर मथळा दिला, पहिल्या दृश्यात माणूस, दुसऱ्यात काळ. दोन दृश्यांच्या मधे अनिमिषेचं माणूसपण गळून पडतं, आणि दिग्दर्शकानं हे ठोक्यांत लपवून ठेवलं होतं, असा त्याचा नवा सिद्धांत.

विहीरकर येडे व्हायचे बाकी राहिले. कुणीतरी त्या ठोक्यांवर तबला चढवला. लोकांनी रिंगटोन केली. पुण्याच्या मंडळींनी शेखरला बोलावून शाल आणि नारळ दिला. तो शाल घेऊन घरी आला तेव्हा वृंदानं एवढंच विचारलं, की ती पोरगी कुणाची होती रे? कुणालाच माहीत नाही, सिनेमात नाव नाही तिचं, असं तो म्हणाला. नाव नाही म्हणून काय झालं, असं पुटपुटत ती आत गेली. शेखरला तिचा जरा रागच आला.

पुढच्याच आठवड्यात स्टाफरूममध्ये एक चाळिशीची बाई त्याला भेटायला आली. साधा सुती ड्रेस, हातात हेल्मेट. नाव सांगितलं, शलाका हिरवे, साताऱ्याहून आलेय. ती पुढे काही बोलणार तेवढ्यात पलीकडच्या टेबलावर कुणाचा तरी फोन वाजला. तेच धडधडणं, वर तबला. बाईंनी टेबलाची कड घट्ट धरली. फोन थांबल्यावर म्हणाल्या, “सर, तो ठोका माझा आहे.”

शेखरला आधी आनंद झाला. हे सांगायला वाईट वाटतं, पण झाला. अनिमिषा समोर बसली होती. दोन मिनिटांत त्या आनंदाची माती झाली.

शलाकाचे वडील मनोहर हिरवे हे त्या सिनेमाचे नेपथ्यकार. पुण्याबाहेरच्या एका अर्धवट इमारतीत लिफ्टसाठी सोडलेला चौकोनी खड्डा होता, वरपासून खालपर्यंत मोकळा. त्याच्या तोंडाशी प्लास्टरचे दगड रचून त्यांनी विहीर उभी केली होती. ठरलेली बालकलाकार आलीच नाही. शलाका वडिलांबरोबर सहज बघायला गेली होती. दिग्दर्शक म्हणाला, हिचे डोळे चांगले आहेत, हिलाच बसवू. पायाखाली नऊ मजले. आणि मग तो तिच्या कानाशी वाकून म्हणाला, की बाळ, पापणी लवली तर पडशील हं.

“मी नाही लववली,” शलाका म्हणाली. “तुमचं पुस्तक वाचलंय मी. डोळ्यांत भय नाही, असं लिहिलंय तुम्ही.”

जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं, असं शेखरला झालं. कान तापले, मान वर होईना. वीस वर्षं तो एका घाबरलेल्या पोरीकडे टक लावून बघत होता, तिच्या भीतीचं कौतुक करत होता, त्यावर टाळ्या घेत होता. माफी मागण्यासाठी त्यानं तोंड उघडलं, तर शलाकानं हातानंच थांबवलं. माफीचं तिला काही करायचं नव्हतं. तिचं काम वेगळंच होतं.

वडिलांना आयुष्यभर एका गोष्टीचा अभिमान. माझी पोर नवव्या मजल्यावर बसली आणि तिची पापणी लवली नाही, हे त्यांनी साताऱ्यात सांगितलं नाही असा माणूस नसेल. आपण किती घाबरलो होतो ते शलाकानं त्यांना कधीच कळू दिलं नव्हतं, सांगून त्यांना दुखवायचं कशाला? पण आता एका भाच्यानं कौतुकानं त्यांना तो आवाज ऐकवला होता. त्या दिवसापासून ते गप्प होते. ताटातलं अन्न ताटातच राहत होतं. लेकीच्या नजरेला नजर देत नव्हते. आणि काल अचानक म्हणाले, की त्या मास्तरांना भेटायचंय.

“यंत्र चुकलं म्हणून सांगा त्यांना. माझं ऐकणार नाहीत, तुमचं ऐकतील. त्यांना खाऊन टाकेल हे.”

शेखर हो म्हणाला. दुसरं काय म्हणणार? त्याच दिवशी त्यानं आलेख आणि आवाज काढून टाकले, पण त्याचा काही उपयोग नव्हता. तोवर ते हजारो ठिकाणी पोचले होते. उलट संध्याकाळपर्यंत विहीरकरांत नवा सिद्धांत निघाला, की मणेरीकर सरांना अनिमिषेनंच गप्प केलं. तो वाचून शेखर जेवणावरून उठला. वृंदानं सगळं ऐकून घेतलं, ‘बघ, मी म्हटलं होतं’ असं एकदाही म्हणाली नाही, त्यानं तर त्याला आणखीच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

रविवारी तो साताऱ्याला गेला. हिरवे दुसऱ्या मजल्यावर राहत. पंचाहत्तरीचा काटक माणूस, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली, खुर्चीत ताठ बसलेला. शेखरनं सुरुवात केली. जुन्या फिल्मवरचे दाणे, उडालेला रंग, साफसफाई करताना संगणकानं मनानंच भरलेल्या जागा, यामुळे नाडीपट असल्या सिनेमात हमखास फसतो, आकड्यांना काडीचा अर्थ नाही, मी घाईनं मूर्खपणा केला. वर्गात त्यानं इतकं मुद्देसूद कधी शिकवलं नसेल. शेवटचं वाक्य तेवढं मनापासूनचं होतं, बाकी सगळं खोटं, आणि ते इतकं सफाईनं जमतंय याची त्याला लाज वाटत होती. शलाका दाराशी उभी राहून वडिलांचा चेहरा बघत होती.

हिरव्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग लेकीला म्हणाले, पाहुण्यांना चहा टाक, आलं किसून घाल. ती आत गेल्याची खात्री करून त्यांनी खुर्ची पुढे ओढली.

“मास्तर, तुमचं यंत्र चुकलेलं नाही.”

शेखरनं स्वयंपाकघराच्या दाराकडे नजर टाकली.

“मी त्या खड्ड्यात होतो. खाली परांची बांधली होती, तिच्यावर उभा राहून मी तिचे घोटे धरले होते. कॅमेऱ्यात मी येत नव्हतो. मी धरलंय हे तिला ठाऊक होतं. पण तिचा ठोका माझ्या बोटांना लागत होता, हे तिला ठाऊक नाही. पाखरू मुठीत धरावं तसं लागत होतं. उतरवायला हवं होतं मी. माझं पहिलं मोठं काम होतं. गप्प राहिलो.”

स्वयंपाकघरात आलं किसल्याचा आवाज येत होता. हिरव्यांनी आवाज आणखी खाली आणला. पहिलं चित्रीकरण झाल्यावर दिग्दर्शकानं परत एकदा मागितलं आणि आपण हो म्हणालो, असं त्यांनी सांगितलं. पोरीला विचारलंसुद्धा नाही. पुन्हा घोटे धरले. आणि या वेळी ठोका हळूहळू बसत गेला, अगदी संथ झाला. त्यांनी तेव्हा स्वतःची समजूत घातली, की बापाचा हात आहे म्हणून तिला धीर आला. तीच समजूत चौतीस वर्षं उराशी धरली, गावभर सांगितली. परवा भाच्यानं दोन्ही आवाज एकापाठोपाठ ऐकवले आणि ती समजूत डळमळली.

“मास्तर, मला एवढंच सांगा. तिला धीर आला होता, की बाप आपल्याला उतरवणार नाही हे कळून तिनं आशाच सोडली होती? दोन्हीत ठोका असाच पडतो ना? तुमच्या यंत्राला हे कळेल?”

शेखरकडे आयुष्यात पहिल्यांदाच सिद्धांत नव्हता. धीरच आला असणार, हे वाक्य जिभेच्या टोकावर तयार होतं. एवढं खोटं बोललो, त्यात आणखी एकाची भर, म्हातारा आज नीट जेवला असता. पण त्या पोरीच्या काळजात काय चाललं होतं हे आपण ठरवून टाकायचं, हा धंदा आता त्याला करवेना.

“नाही कळत,” तो म्हणाला. “ठोका कळतो. कशाचा, ते नाही.”

हिरव्यांनी मान हलवली. चहा आला. तिघांनी तो घेतला.

शलाका त्याला पोचवायला जिन्यापर्यंत आली आणि दार ओढून घेत हळूच विचारलं, पटलं ना बाबांना? तिच्या चेहऱ्यावर इतकी आशा होती, की शेखरला तिच्याकडे बघवेना.

“नाही पटलं. त्यांना सगळं आधीपासूनच माहीत होतं. त्यांना एक विचारायचंय, ते त्यांनी मला विचारलं. पण ते तुम्हालाच विचारायला हवं, शलाकाताई. आजवर तुमच्या वतीनं मी फार बोललोय.”

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग आत गेली. दार नीट लागलं नाही, बोटभर उघडं राहिलं.

शेखरनं सरळ खाली उतरून रस्त्याला लागायला हवं होतं. दोन पायऱ्या तो उतरलाही. तेवढ्यात आतून हिरव्यांचा आवाज आला, अडखळत, तुटक. शेखर कठड्याला धरून थांबला. त्याच्या छातीत धडधडायला लागलं. बाप-लेकीची काळजी वाटतेय, पाय निघत नाहीत, असं त्यानं स्वतःला सांगितलं. पण वीस वर्षं ज्याच्या मागे लागलो ते उत्तर आता खुद्द अनिमिषेच्या तोंडून येणार आहे, हेही त्याला चांगलंच ठाऊक होतं. त्याला स्वतःची शिसारी आली, तरी पाय हलेनात. आत शलाका बोलायला लागली. शेखरचे कान आपसूक दाराकडे वळले. ही धडधड काळजीची होती की हावरटपणाची, हे त्याला तरी कुठलं यंत्र सांगणार होतं?