अर्धी लाल रेघ

फोनवर बोट क्लबचा सेक्रेटरी होता, आणि त्याला घाई होती.

"साहेब, तुम्ही नुसतं यायचं, बोट बघायची आणि सही करायची. रिपोर्ट मी टाइप करून ठेवलाय."

"अपघाताच्या कारणासकट?"

"कारण काय, उघडच आहे. वायरवालीने नट घट्ट केला नाही. चार वाजता कमिटी बसतेय, त्याआधी तेवढं उरकून टाकू."

सर्व्हेअरने फोन ठेवला आणि बुटाची नाडी बांधायला घेतली. विमा कंपनीसाठी फुटक्या बोटी तपासण्यात त्याची सत्तावीस वर्षं गेली होती. काम न येणाऱ्या माणसांचा त्याला राग नव्हता. काम येत नसताना ते दुसऱ्याला शिकवणाऱ्यांचा मात्र त्याला मनापासून तिटकारा होता. आणि मौजेच्या बोटी घेणाऱ्यांत नेमका याच जातीचा भरणा असतो, असं त्याचं ठाम मत होतं.

तलावाकाठच्या शेडमध्ये जेट बोट ट्रॉलीवर चढवून ठेवली होती. पिवळीधमक, नाकाशी चेपलेली. दोन्ही बाजूंना विजेचा लोळ रंगवलेला. जिला विजेनेच दगा दिला, तिच्या अंगावर तो लोळ आता टिंगल केल्यासारखा दिसत होता.

"रविवारी संध्याकाळचे पाच," सेक्रेटरी सांगू लागला. "जावईबापू, म्हणजे बोटमालकांचे जावई, एकटेच बोट घेऊन जेट्टीकडे येत होते. ऐन वेळी वीज गेली, इंजिन बंद. बोट सरळ जेट्टीवर. दोर धरायला म्हातारा उभा होता, तो सापडला मध्ये. पाय मोडला."

बोट वळवली का नाही, हे सर्व्हेअरने विचारलं नाही. जेट बोटीला सुकाणू नसतं. मागून पाण्याचा जोरदार फवारा सुटतो, तो वळवला की बोट वळते. इंजिन मेलं की फवारा मेला, आणि मग हातातलं चाक लहान मुलांच्या खेळण्यातलं.

"आणि हा पुरावा." सेक्रेटरीने प्लास्टिकच्या पिशवीतला एक नट पुढे केला. "बोटीच्या तळाशी पडला होता. बॅटरीची निगेटिव्ह केबल इंजिनावर ज्या बोल्टाला बसते, तिथला. नट गळाला, केबल सुटली, सगळं ठप्प. शुक्रवारी हिनेच काम केलं होतं. जावईबापूंनी तशी लेखी तक्रारही दिलीय."

'ही' कोपऱ्यात उभी होती. तिशी ओलांडलेली, हात ग्रीसने काळे, खांद्याला हत्यारांची पिशवी. क्लबात तिला सगळे वायरवाली म्हणत. ज्याचा पाय मोडला तो तिचा सख्खा मामा. त्यानेच तिला वाढवलं होतं, आणि त्यानेच तिला या क्लबात आणलं होतं.

"ताई, शुक्रवारी काय काय केलंत?" सर्व्हेअरने विचारलं.

"नवी बॅटरी बसवली. केबलची टोकं घासून साफ केली, परत आवळली. तळातलं पाणी उपसायचा पंप चालवून बघितला. चालत होता."

"आता नाही चालत," सेक्रेटरी मध्येच म्हणाला. "रविवारपासून नुसता घुरघुरतोय, पाणी म्हणून फेकत नाही. तोही हिचाच कारभार."

"नट घट्ट केला होता?"

"केला होता. मी प्रत्येक नट आवळला की त्याच्यावर लाल रेघ मारते. नटावरून बोल्टाच्या टोकावर. नट जरा जरी फिरला, तरी रेघ मोडलेली दिसते."

"नेलपॉलिशची!" सेक्रेटरी खदखदून हसला. "इंजिनाची नखं रंगवते, साहेब! आणि नेमका हाच नट कोरा. आता बोला."

सर्व्हेअरने नट उजेडात धरून फिरवला. लालचा ठिपकासुद्धा नव्हता.

"मला आता माझीच खात्री वाटेनाशी झालीय," ती हलक्या आवाजात म्हणाली. "तीन रात्री तोच नट आवळतेय मी स्वप्नात. राहिला असेल तर… मामाचा पाय मीच मोडला ना?"

कमिटीने आज तसं ठरवलं, तर तिचा वायरिंगचा परवाना रद्द करण्याची शिफारस जाणार होती. मग तिच्या हातात पाना उरला असता, काम नाही. पण ती त्याबद्दल बोलतच नव्हती.

सर्व्हेअर गुडघ्यांवर बसून इंजिनात वाकला. बोल्टाच्या टोकावर काळा चिकटा होता. त्याने रुमालाचं टोक स्पिरिटात बुडवून ते पुसलं आणि बराच वेळ पाहत राहिला. बोल्टाचे पहिले दोन आटे खरवडलेले होते. पुढचे आटे नव्यासारखे. त्याने मागच्या सीटखाली टॉर्च मारला. तिथल्या फळीत चार ताजी भोकं होती. त्यांत स्क्रू नव्हते.

"बोटीतून कुणी काही नेलं?"

"छे. किल्ली माझ्याकडे आहे. जावईबापूंनी तेवढी टॉवेलची पिशवी नेली, अपघातानंतर लगेच."

"एकट्याने?"

"मी धरली ना एका बाजूने. जड होती हो."

सर्व्हेअरने मान डोलावली. ओले टॉवेल जड असतात, हे खरंच. पण सेक्रेटरीचं डोकं त्याहून जड दिसत होतं.

मामा सरकारी दवाखान्यात होता. पाय प्लास्टरमध्ये, वर टांगलेला.

"मामा, बोट येताना काय दिसलं?"

"दिसायच्या आधी ऐकू आली. त्या जावयाची बोट आधी ऐकू येते, मागाहून दिसते. गाणं असं लावलेलं की माशांनी कानात बोटं घालावीत."

"मग?"

"मग इंजिन गेलं, गाणं गेलं."

"आधी कोणतं?"

"आधी-मागून काही नाही, दोन्ही एकदम. गाणारी 'सा' म्हणाली, पुढचं 'जणा' तिच्या तोंडातच राहिलं. मी म्हटलं, अरे, हे काय! तेवढ्यात बोट अंगावर."

"हे सेक्रेटरींना सांगितलंत?"

"ते आले होते, कागदावर सही घेऊन गेले. मी सांगायला लागलो तर म्हणाले, मामा, आराम करा."

सर्व्हेअर उठला. दारात थांबून त्याने विचारलं, "भाचीकडून नट सैल राहिला असेल?"

म्हाताऱ्याने त्याच्याकडे असं पाहिलं, की जणू पाय त्याचा नाही, सर्व्हेअरचा मोडलाय आणि तोही डोक्यावर पडून.

"साहेब, ती घराला कुलूप लावते आणि तीनदा ओढून बघते. चौथ्यांदा मला ओढायला लावते."

जावईबापू क्लबच्या व्हरांड्यात सापडले. पांढरे बूट, काळा चष्मा. समोर उभ्या माणसाचा मळका रुमाल आणि झिजलेले बूट त्यांनी एका नजरेत मोजले आणि बसायला सांगितलं नाही.

"विचारा काका, काय विचारायचं ते. जरा लवकर."

"बोटीत गाणी लावली होती?"

"होती. का? गाण्यांना विमा चालत नाही?"

"कशावर लावली होती?"

त्यांनी टेबलावरचा पेल्याएवढा गोल स्पीकर बोटाने ढकलला. "ह्याच्यावर. याला स्वतःची बॅटरी असते. बोटीच्या वायरिंगशी काडीचा संबंध नाही. तुम्हाला कळेल असं सांगायचं तर, जुन्या ट्रान्झिस्टरसारखं."

"चार्ज केलेला होता?"

"फुल. बारा तास वाजतो."

"धक्क्याने बिघडला नाही?"

त्यांनी बटण दाबलं. स्पीकर खणखणीत वाजला. "पटलं?"

"पटलं. इंजिनाचं झाकण कधी उघडता का तुम्ही?"

"मी?" जावईबापूंनी चष्मा कपाळावर सरकवला. "काका, तसल्या कामाला माणसं ठेवलेली असतात. आमच्या दुर्दैवाने बायकाही."

सर्व्हेअरने मान तुकवून आभार मानले. इतकी मदत करणारा साक्षीदार त्याला बऱ्याच वर्षांत भेटला नव्हता.

चार वाजता कमिटी शेडमध्ये बसली. सर्व्हेअरचाच तसा आग्रह होता. खुर्च्या बोटीभोवती मांडल्या होत्या. बोटमालक, म्हणजे जावईबापूंचे सासरे, मधल्या खुर्चीत बसले होते. जाडजूड, अबोल गृहस्थ. जावईबापू त्यांच्या उजव्या हाताला. वायरवाली ट्रॉलीच्या चाकापाशी उभीच. तिला खुर्ची द्यावी, असं कुणाच्या मनात आलं नव्हतं.

सेक्रेटरीने टाइप केलेला कागद आणि पेन पुढे केलं. सर्व्हेअरने पेन घेतलं, कागद घेतला नाही.

"आधी पंप," तो म्हणाला. "ताई, उघडा."

"पंपाचा इथे काय संबंध?" सेक्रेटरी कुरकुरला.

"शुक्रवारी चालत होता, रविवारी घुरघुरायला लागला. त्याच्या घशात काय अडकलंय ते बघू."

तिने वाकून पंप सोडवला. तोंडाची जाळी एका बाजूने तुटलेली होती. तिने पंप उलटा करून तळहातावर आपटला. टक्कन काहीतरी पडलं. ती त्याकडे पाहतच राहिली. मग तिने मूठ मिटून घेतली, जणू कुणी ते हिसकावून घेईल.

"दाखवा सगळ्यांना."

तिच्या काळ्या तळव्यावर एक नट होता. त्याच्या एका अंगाला लाल रेघ.

"बोल्ट एक," सर्व्हेअर म्हणाला, "आणि नट दोन. आता या बोल्टाचं टोक बघा. मी सकाळी पुसलंय. इथेही लाल रेघ आहे, पण अर्धी. उरलेली अर्धी ताईंच्या हातातल्या नटावर आहे. म्हणजे शुक्रवारी नट आवळला, रेघ मारली, दोन्ही झालं. नंतर कुणीतरी पाना लावून तो सोडवला. सोडवताना हातातून निसटला, तळाच्या पाण्यात गेला, पंपाने ओढून घेतला. शोधूनही मिळाला नाही, म्हणून त्या माणसाने आपल्याजवळचा दुसरा नट लावला. तो, सेक्रेटरीसाहेब, तुमच्या पिशवीतला. त्याचे आटे वेगळे आहेत. दोन आटे चढला आणि अडकला. बोल्टावर खरवडल्याच्या खुणा आहेत."

"पण सोडवायचा कशाला?" मालकांनी पहिल्यांदाच तोंड उघडलं.

"त्या बोल्टाखाली आणखी एक वायर घालायला. मागच्या सीटखाली चार ताजी भोकं आहेत. तिथे गाण्यांचा मोठा अॅम्प्लिफायर बसवला होता. त्याची निगेटिव्ह वायर या बोल्टावर. नट थरथरून गळाला, तेव्हा इंजिन आणि गाणं एकाच क्षणी मेलं. शब्द अर्धा राहिला. हे जेट्टीवर उभ्या असलेल्या माणसाने ऐकलंय. अपघातानंतर तो अॅम्प्लिफायर टॉवेलच्या पिशवीतून बाहेर गेला. दोन माणसांना उचलावे लागणारे टॉवेल मी तरी पाहिले नाहीत."

सेक्रेटरीने खाली पाहिलं.

"बकवास!" जावईबापू उसळले. "मी तुम्हाला स्पीकर दाखवला. त्याची बॅटरी वेगळी आहे!"

"म्हणूनच. बोटीची वीज गेली तरी तो वाजत राहायला हवा होता. बारा तासांतले उरलेले सगळे."

"मी बंद केला असेल! आठवत नाही मला."

"बोट जेट्टीवर आदळतेय, समोर माणूस उभा आहे, आणि तुम्ही गाणं बंद करत होता?" सर्व्हेअर शांतपणे म्हणाला. मग त्याने त्यांच्याकडे पाठ फिरवली आणि मालकांशी बोलू लागला. "अर्थात, हे यांनीच केलं असं मी म्हणत नाही. यांना ते जमणारच नाही. पण ज्याने केलं तो अगदीच अडाणी. दुसरा नट बसवताना त्याने पाना लावलाच नसेल, नट चिमटीनेच फिरवून सोडून दिला असेल. शाळकरी पोरालासुद्धा याहून—"

"चिमटीने?" जावईबापू ताडकन उठले. "पाना लावून आवळला होता मी! हलत नव्हता जागचा! मला काय तुम्ही—"

बाहेर लाटा ट्रॉलीच्या उतारावर चपचप करत होत्या.

"हलत नव्हता, कारण चुकीच्या आट्यांत अडकला होता," सर्व्हेअर म्हणाला. त्याच्या आवाजात आता तिटकारा लपलेला नव्हता. "अडकणं आणि घट्ट बसणं यातला फरक ताईंना कळतो. म्हणून त्या रेघ मारतात. चूक कुणाच्याही हातून होते. पण तुम्ही वायर उपटलीत, पिशवी भरलीत, आणि या बाईविरुद्ध तक्रारीवर सही केलीत. पिशवी भरलीत तेव्हा तिचा मामा जेट्टीवरच विव्हळत पडला होता."

मालक उठले. जावयाकडे वळले.

"जावई," ते म्हणाले. बारा वर्षं जिभेवर बसवलेला 'बापू' तिथेच गळून पडला. "गाडीत बसा. पोलीस ठाण्यात हेच सांगायचं. मी बरोबर येतोय."

जावई निघाले. पांढऱ्या बुटांवर पंपातलं काळं पाणी सांडलं होतं, ते त्यांच्या लक्षातही आलं नाही. सेक्रेटरीने तक्रारीचा आणि रिपोर्टाचा असे दोन्ही कागद गुपचूप घडी करून खिशात घातले, आणि एक खुर्ची ओढून वायरवालीपुढे सरकवली. ती बसली नाही. तिला दवाखान्यात जायचं होतं.

वॉर्डात मामा भिंतीकडे तोंड करून पडला होता. तिने नट त्याच्या तळव्यावर ठेवला. त्याने तो डोळ्यांजवळ नेऊन रेघ पाहिली.

"घट्ट केला होता मी," ती म्हणाली, आणि चार दिवसांत पहिल्यांदा रडली.

"मग? मला ठाऊक होतं," म्हातारा म्हणाला. "पण मला विचारलं कुणी?"

त्याने नट मुठीत धरला आणि डोळे मिटले. मग एक डोळा उघडून म्हणाला, "निघताना घराला कुलूप लावलंस का?"

"लावलं."

"ओढून बघितलंस?"

"तीनदा," ती म्हणाली. "चौथ्यांदा तुम्ही नव्हता."