मोहाच्या टाकीचा आळ

प्रिस्किलाने तीन बाटल्या चुलीशेजारच्या ओट्यावर ठेवल्या, आणि हन्नाच्या काळजात असं काही कळवळून आलं की तांदळाच्या पिठातले तिचे हात तसेच थबकले... तीन वर्षं! तीन वर्षांत धाकट्या भावाच्या घरातली साधी काड्यापेटीसुद्धा या उंबऱ्याच्या आत आली नव्हती, आणि आज आली ती वाइन. तीही रविवारी, चर्चमधली प्रार्थना सुटून तास झालेला नसताना, मंडळीतल्या निम्म्या बायका अजून रस्त्यात गप्पा मारत उभ्या असताना!

"ह्यांना ठाऊक नाही मी आलेय ते," भावजय म्हणाली आणि तिने दाराला आतून कडी घातली.

"मग का आलीस, प्रिस्किला?"

"शनिवारी सुरतेचे पाहुणे यायचेत. वाइन पण प्यायची, जेवायचं पण."

गुजरातेत दारूबंदी असल्यामुळे तिथल्या माणसांना वाइनमधलं फार कळतं. ही गोष्ट ध्यानात घेऊनच धाकट्या भावाने, दानियलने, नवापूरजवळ, सीमेपासून हाकेच्या अंतरावर, आपली छोटीशी वायनरी काढली होती. जांभळाची, सीताफळाची आणि मोहाच्या फुलांची अशा तीन वाइन तो करी. वाइन बरी होती. घोडं अडलं होतं ते जेवणापाशी.

"मागच्या खेपेला ह्यांनी कार्ड छापलं," प्रिस्किला सांगू लागली. "जांभळाच्या वाइनसोबत भाजलेलं कोकरू, सीताफळाच्या वाइनसोबत कुठलंसं फ्रेंच चीज. पाहुणे म्हणाले, आणा. आता नवापुरात कोकरू कोण भाजून देणार? शेवटी फरसाण वाढलं, ताई. माणसं इतकी सभ्य, की मोहाच्या वाइनसोबत पापडी-गाठ्या खाऊन 'वा' म्हणाली. त्या 'वा'नंतर हे दोन दिवस जेवले नाहीत."

हन्नाला हसू आलं. पण ज्या भावाने आपलं तोंड बघायचं टाकलं त्याच्या फजितीवर हसायचा हक्क आपल्याला उरलाय का, हे न कळून तिने ते गिळलं.

"आईंच्या हातचं तुम्हालाच येतं. कशाबरोबर काय वाढायचं तेवढं सांगा. तुमचं नाव घेणार नाही मी."

नाव घेणार नाही... हन्नाला ही अट ओळखीची होती. तिने उभं आयुष्यच त्या अटीवर काढलं होतं.

ती लहान असताना सगळ्या गावात तिच्या नाकाची कीर्ती होती. मोहाची वाळलेली फुलं मूठभर घेऊन आई तिच्या नाकाशी धरायची आणि पोरगी सांगायची, ही ओढ्याकाठच्या झाडाची, ही टेकडीवरची, ह्या मुठीतली दोन फुलं ओल धरून बसलीत. दोन म्हणजे दोनच निघायची! पुढे आई गेली, बाप आधीच गेला होता, आणि दानियल शिकण्यात हुशार निघाला. घरातलं एखादं माणूस हुशार निघालं की दुसऱ्याला कामाला जावं लागतं. हन्ना नंदुरबारला मिरचीच्या पथारीवर गेली. तिथे शेतंच्या शेतं लाल मिरची उन्हात पसरलेली असते आणि बायका ओळीने बसून तिचे देठ खुडतात. आठ हिवाळे ती तोंडाला फडकं बांधून त्या लाल धुळीत बसली. दानियल आधी पुण्यात आणि मग नाशिककडे वाइन करण्याची विद्या शिकला. एका हिवाळ्यात त्याने पत्रातून कळवलं, आज आम्हाला साठ वासांची नावं पाठ करायला दिली.

त्याच हिवाळ्यात एका सकाळी हन्नाने चहाचा पेला तोंडाशी नेला आणि तो नुसताच गरम लागला... आल्याचा वास नाही, धुराचा नाही, काही नाही! डॉक्टर म्हणाला, मिरचीच्या धुळीने नाक आतून जळालंय, वास गेला तो गेला. जिभेला आंबट, गोड, खारट, तुरट आणि तिखट एवढं कळेल. हन्नाने विचारलं ते एवढंच, की हे कुणाला सांगावं लागतं का? नाही म्हटल्यावर तिने सांगितलं नाही. दानियलची परीक्षा होती.

आणि मग, हाय रे दैवा, दानियल परत आला तो बहिणीच्या नाकाचे गोडवे गातच! "माझी ताई असताना मला प्रयोगशाळा कशाला?" असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे. मोहाच्या फुलांचं प्रत्येक पोतं टाकीत ओतण्याआधी मूठभर फुलं हुंगून बघायची आणि ती टाकी शेवटपर्यंत सांभाळायची, हे काम त्याने डोळे मिटून तिच्यावर सोपवलं, आणि स्वतः परवान्याच्या कागदांमागे नाशिक-मुंबई करत राहिला. आता कसं सांगायचं? ज्या भावाच्या स्वप्नाचा पायाच आपल्या नाकावर उभा, त्याला कुठल्या तोंडाने म्हणायचं की बाबा, पाया नाही? हन्ना रोज मूठ नाकाशी धरायची, डोळे मिटायची आणि बोटांनी चाचपून बघायची. चिकट नाही, काळं नाही, मग चांगलं. बारा पोती बोटांनी बरोबर ओळखली. तेरावं वरून कोरडं होतं. आत बुरशी होती.

पहिला घोट पाहुण्यांसोबतच घ्यायचा, अशी दानियलची हौस. तो त्याच सकाळी मुंबईहून आला, आंघोळ करून थेट पाहुण्यांत उभा राहिला. टाकीची तोटी उघडली, पेले भरले, आणि माणसांचे चेहरे एकामागून एक फिरत गेले. हन्ना त्यांच्याकडे बघत होती. काय झालंय हे त्या खोलीत तिला एकटीलाच कळत नव्हतं!

पंधराच दिवसांपूर्वी चर्चमध्ये इंद्रसिंग वडिलांनी, म्हणजे मंडळीच्या पुढाऱ्यांनी, दारूच्या धंद्याविरुद्ध तासभर भाषण केलं होतं, आणि हन्ना पहिल्या रांगेत मान खाली घालून बसली होती. दानियलला ते आठवलं. "मंडळीने सांगितलं म्हणून तू माझी टाकी नासवलीस!" तो सगळ्यांदेखत ओरडला. "असला वास तुला आला नाही असं होणंच शक्य नाही! बोल, मुद्दाम केलंस ना?"

नाही म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न ठरलेला होता... मग वास कसा आला नाही? मग वास कधी गेला? कुठे गेला? कुणासाठी गेला?

"हो," हन्ना म्हणाली. "मुद्दाम केलं."

त्या 'हो'ची पुढची कथा मोठी भक्तिभावाची आहे. पुढच्या रविवारी इंद्रसिंग वडिलांनी तिला उभं करून मंडळीला सांगितलं, की पाहा, ह्या भगिनीने सख्ख्या भावाचं पाप आपल्या हातांनी ओतून दिलं! टाळ्या झाल्या. शाल पांघरली गेली. न केलेल्या पुण्याची शाल ऊब देते, पण अंगाला फार टोचते. घरी येऊन हन्ना भिंतीकडे तोंड करून रडली, आणि त्या दिवसापासून गावातल्या बायका दारुड्या नवऱ्यांना तिच्या नावाने धाक घालू लागल्या.

अशी ही व्यसनमुक्तीची वीरांगना आज कडी घातलेल्या दाराआड स्टीलच्या वाटीत जांभळाची वाइन ओतून घेत होती.

"ही तुरट आहे," ती जीभ टाळूला लावून म्हणाली. "हिला चरबी पाहिजे. गावठी कोंबडी निखाऱ्यावर भाज, हळद, मीठ, लसूण, बस. मिरची लावशील तर दोघी भांडतील."

"आणि ही सीताफळाची?"

"आंबट आहे गं जराशी. आंबटाला आंबटच सोबत देतं. अमचूर घातलेली उडदाची डाळ आणि नागलीची भाकर. आणि मोहाची..." तिने वाटी ओठांशी नेली. त्या टाकीनंतर प्रथमच. "ही गोड झालीय. छान झालीय. हिच्याबरोबर खेकड्यांचा रस्सा कर, लालभडक, नंदुरबारची मिरची घालून. तिखटाचा जाळ गोडच विझवतं."

प्रिस्किला बघतच राहिली. "वाससुद्धा घेतला नाहीत! ह्यांना तर पेला अर्धा तास हलवावा लागतो."

"सवय असते एकेकाला," हन्ना म्हणाली.

शनिवारी ती मागच्या दाराने वायनरीच्या स्वयंपाकघरात आली आणि दुपारपर्यंत तिथेच राबली. पुढच्या पडवीत सुरतेची माणसं आधी चाखत होती, मग खात होती, आणि मग काही बोलेनाशी झाली. जेवणाची ह्याहून मोठी स्तुती नाही. रश्श्याच्या तिखटाने घामाघूम झालेला माणूस मोहाचा घोट घ्यायचा आणि डोळे मिटून पुन्हा भाकरीकडे वळायचा. दानियलच्या चेहऱ्यावरचा आनंद खिडकीच्या फटीतून बघताना हन्नाचं मन भरून आलं. एवढं दिसलं, पुष्कळ झालं, असं म्हणून ती निघणारच होती...

पण पाहुण्यांच्या बरोबर चुनीलालशेठ आले होते. नंदुरबारचे मिरचीचे व्यापारी, मनाने सरळ, आवाजाने मोठे. हात धुवायला म्हणून ते मागे आले, आणि दानियल टॉवेल घेऊन त्यांच्या मागोमाग.

"अरे, हाई ते हन्नाबाई शे!" शेठ आनंदाने अहिराणीत ओरडले. "तरीच म्हनं, रस्सा इतला भारी कसा! काय वं बाई, तुन्हं नाक आते बरं शे का?"

हन्नाने खूण केली. डोळ्यांनी विनवलं. पण चुनीलालशेठना खुणा कळल्या असत्या तर ते मिरचीऐवजी राजकारणात असते.

"नाकाला काय झालंय?" दानियलने विचारलं.

"तुले माहीत नही? मन्हा पथारीवर बसी बसी वासच गया ना तिन्हा! डॉक्टरनी सांगं, आते परत येवाव नही. मी म्हनं, भाऊले कळाड. ते बाई बोलनी, नको शेठ, त्यानी परीक्षा शे." शेठनी टॉवेल परत दिला. "तुन्ही परीक्षा मात्र मस्त पास व्हयनी, बरं का!"

आणि आपण काय बोलून गेलो याची गंधवार्ताही नसलेले शेठ सीताफळाचा आणखी एक पेला घ्यायला निघून गेले.



"मोठी माणसं काहीही बोलतात रे," हन्ना भांड्यांकडे वळत म्हणाली. "सर्दी झाली होती मला एकदा."

"ताई, माझ्याकडे बघ."

ती वळली. दानियलने आपली मूठ तिच्या नाकाशी धरली, आई धरायची तशीच. "ह्यात काय आहे, सांग."

हन्नाने डोळे मिटले. अजूनही... अजूनही तिला वाटत होतं की निभेल! दानियल मघाशी मसाल्याच्या डब्याजवळ उभा होता; तिथे काय काय होतं ते तिने आठवलं, आणि खोल श्वास घेऊन, अगदी पूर्वीसारखी मान हलवून, ती म्हणाली, "लसूण."

दानियलने मूठ उघडली. मूठ रिकामी होती.

तो हळूहळू खाली बसला, आणि चाळिशीला आलेला, परवानाधारक, साठ वासांची नावं पाठ असलेला तो माणूस बहिणीच्या पायांशी लहान पोरासारखा हुंदके देऊन रडू लागला.

"का नाही सांगितलंस, ताई? का?"

"आधी सांगितलं असतं तर शिक्षण टाकून आला असतास. मग सांगितलं असतं तर टाकी बंद केली असतीस."

"आणि मी... मी सगळ्यांसमोर तुला... तू हो कसं म्हणालीस? मी म्हटलं आणि तू हो म्हणालीस!"

"तूच तर विचारलंस. मला सोपं झालं."

"एकदा!" त्याने कपाळ बडवून घेतलं. "एकदा जरी मी स्वतः त्या टाकीला नाक लावलं असतं! तुझ्यावर टाकून मोकळा झालो मी. आणि तीन वर्षं... तुझ्या दारावरून गाडी नेताना मी काच वर करायचो, ताई..."

"बघितलंय मी," हन्ना म्हणाली, आणि आता तिच्याही डोळ्यांतून धारा लागल्या.

"मुंबईला दाखवू. मोठे डॉक्टर आहेत."

"खूप उशीर झाला रे. चर्चचे पाळक म्हणतात मेलेले उठतील. नाकाचं वेगळं असं काही लिहिलेलं नाही." तिने त्याच्या केसांतून हात फिरवला. केस पांढरे व्हायला लागले होते. हे तीन वर्षांत झालं असणार. आपल्याला बघायला मिळालं नाही.

"उद्या मी मंडळीत उभा राहून सगळं खरं सांगतो," दानियल म्हणाला. "तू काही नासवलं नव्हतंस म्हणून."

"सांग. इंद्रसिंग वडिलांना फार वाईट वाटेल. माझ्यानंतर त्यांना दुसरं कुणी सापडलेलं नाही."

रडता रडता तो हसला, आणि हसता हसता पुन्हा रडला. पडवीतून प्रिस्किलाची हाक आली, पाहुणे निघालेत. तो उठला नाही.

"दानियल," पदराने डोळे पुसत हन्ना म्हणाली, "एक विचारायचं होतं. तेव्हापासून. पण विचारणार कुणाला?"

"विचार ना."

"त्या टाकीला... वास कसला येत होता रे?"

त्या दिवशी पाहुण्यांतली एक बाई तोंडाला पदर लावून अंगणात धावली होती आणि कुंपणाशी जाऊन ओकली होती, हे हन्नाने स्वतः पाहिलं होतं.

"फार नव्हता, ताई," तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "जरासाच होता. कुणाला कळलासुद्धा नसता."

"हो का?" हन्ना म्हणाली. "मग बरं."