उतरायची ठिकाणं

विमला गेली हे जयवंतला तब्बल पन्नास मिनिटांनी कळलं. त्या मंगळवारी सकाळी तो मुलुंडच्या घरात टेबलाशी बसला होता, मोबाइल कानाला लावून. क्रूझ कंपनीच्या अंधेरीच्या ऑफिसला फोन लागला होता आणि पलीकडे नुसतीच पिपाणी वाजत होती. विमला निघताना बजावून गेली होती, "काही झालं तरी फोन ठेवू नका. कोचीच्या बसमध्ये जागा थोड्या आहेत. ठेवलात की गेल्या."

ती पाच रस्त्याच्या बाजारात कॅनव्हासचे बूट घ्यायला गेली होती. बेटावर वाळूत चालायला चपला नकोत, असं तिचं म्हणणं.

मध्ये दोनदा अनोळखी नंबरवरून फोन आला. जयवंतने दोन्ही वेळा कापला. तिसऱ्यांदा मुलाचा, सर्वेशचा आला, तोही कापला. शेवटी पिपाणी थांबली, एक मुलगी बोलायला आली, तिने कोचीच्या दोन जागा नक्की केल्या. जयवंतने फोन ठेवला, कागदावर बरोबरची खूण केली आणि मग सर्वेशला लावला.

"बाबा, कुठे होता तुम्ही?" सर्वेश म्हणाला. "आई दुकानात पडली. हॉस्पिटलला नेलं, पण काही उरलं नव्हतं."

जयवंतच्या हातात पेन होतं. ते त्याने टोपण लावून ठेवलं, एवढंच त्याला नंतर आठवत राहिलं.

ही सहल विमलाचीच. सून अपूर्वा जानेवारीत बाळंत होणार होती. "नातवंड आलं की आपण अडकलो," विमला म्हणायची. "डिसेंबरातच बोटीवर जाऊन येऊ." मुंबई, गोवा, कोची, मग लक्षद्वीपचं एक बेट आणि परत. बोटीचं बुकिंग झालं होतं, तारीख ठरलेली होती. पण प्रत्येक बंदरात उतरून काय बघायचं, कुठली बस, जेवण कुठे, परत किती वाजता, हे आपण ठरवायचं होतं. जयवंत कारखान्यात स्टोअरकीपर होता, फूटपट्टीने रेघा मारून तक्ते करायची त्याला सवय. विमला सांगायची, तो लिहायचा. "वेळ पाळा हां," ती म्हणायची. "बोट काय आपली सासुरवाडी आहे थांबायला? तुम्ही गोव्यात चहा पीत बसाल आणि मी डेकवरून हात हलवेन."

तक्त्यात गोवा अर्धं भरलं होतं, कोची भरत आलं होतं. बेटाची रांग कोरी होती.

दहाव्याला खाडीजवळच्या घाटावर पिंड ठेवले. कावळे बाभळीवर बसले होते, खाली येत नव्हते. सर्वेश हात जोडून म्हणाला, "आई, बाबांना मी सांभाळीन." कावळे हलले नाहीत. अपूर्वाने बाळाचं सांगितलं. तासभर झाला. भटजी घड्याळ बघायला लागले. तेव्हा जयवंत पुढे झाला आणि म्हणाला, "विमल, तुला बोटीवर नेतो. तू ठरवलंस तसंच. एकही ठिकाण चुकवत नाही."

एक कावळा सरळ खाली आला आणि पिंडाला शिवला.

सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला. जयवंतची मोठी बहीण द्रौपदी मालवणहून आली होती. तिने मात्र त्याला बाजूला ओढलं. "काय बोललंस तू ता? नेतंय म्हणालंस? मेलेल्या माणसाक नेतंय म्हणूक नको होता. तुझ्या नावान जावन येतंय, असा म्हणूचा. ती आता वाट बघतली ना रे."

"जाऊ दे गो," जयवंत म्हणाला. परत येताना घाटाच्या ओल्या पायरीवर तो घसरला. उजवा गुडघा सुजला. घरी जाऊन त्याने बर्फ लावला, कुणाला काही बोलला नाही.

तेराव्यानंतर चार दिवसांनी अंधेरीच्या ऑफिसमधून फोन आला. त्या मुलीचं नाव श्रुतिका. तीच, कोचीच्या जागा देणारी.

"काका, मॅडमनी काल सांगितल्याप्रमाणे गोव्याची बस बदलली हं. खालच्या पायरीची दिली. तुमच्या गुडघ्याला बरी पडेल."

जयवंतला वाटलं, सर्वेशने केला असेल फोन. पण सर्वेशला गुडघ्याचं माहीत नव्हतं. "काल?" त्याने विचारलं.

"काल दुपारी. दोन-सव्वादोनला."

दुसऱ्या दिवशी तो मृत्यूच्या दाखल्याची प्रत घेऊन, दोन बस बदलून अंधेरीला गेला. विमलाचं नाव यादीतून काढायचं आणि स्वतःचं ठेवायचं, असं त्याने बसमध्ये तीनदा मनाशी म्हटलं. ऑफिस तिसऱ्या मजल्यावर, काचेचं. श्रुतिका पंचविशीची, डोळ्यांखाली काळं, बोलायला चटपटीत. तिने स्क्रीन त्याच्याकडे वळवली. त्याच्या नावाखाली विमलाचं नाव. खाली तारखा आणि इंग्रजीत टिपणं. पहिली मंगळवारपर्यंतची. पुढची तीन नंतरची.

"मॅडम मस्त आहेत हां काका," श्रुतिका म्हणाली. "बाकीचे लोक मला ओरडतात. त्या विचारतात, जेवलीस का गं."

ते विमला सगळ्यांनाच विचारायची. गॅसवाल्यालासुद्धा.

जयवंतचा हात पिशवीत दाखल्यावर होता. समोर दोन नावं होती, एकाखाली एक. त्याने हात बाहेर काढला.

"काही बदल करायचाय का काका?"

"नाही," तो म्हणाला. "दोघांचं आहे तसंच राहू दे."

घरी येऊन त्याने तक्ता टेबलावर पसरला. गोव्याच्या रांगेत एक प्रश्न राहिला होता: मंगेशी की जुनी चर्चेस? दोन्ही एका दिवसात बसत नव्हतं. विमलाला मंगेशीलाच जायचं होतं, हे त्याला पक्कं ठाऊक. तरी तो समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून मोठ्याने म्हणाला, "काय करायचं गं गोव्याला?" स्वतःचा आवाज ऐकून त्याला लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी साडेतीनला श्रुतिकाचा फोन. "काका, मॅडम म्हणाल्या देवळं नकोत. चर्चसुद्धा बाहेरूनच. आता नाही चालत, म्हणाल्या. बीचवाली बस देऊ?"

"दे," जयवंत म्हणाला. फोन ठेवून त्याने तक्त्यातलं मंगेशी खोडलं.

तो वेडा नव्हता. तीस वर्षं स्टोअर सांभाळलेला माणूस. माल कुठून आला आणि कुठे गेला, हे पाहिल्याशिवाय तो सही करत नसे. श्रुतिकाला विचारलं तर ती म्हणाली, फोन बुकिंगवरच्याच नंबरवरून येतो. बुकिंगवरचा नंबर त्याचा स्वतःचा होता. त्याने मोबाइल उघडून बघितलं. विमला गेल्यानंतर अंधेरीच्या ऑफिसला केलेले चार फोन. सगळे दुपारी दोन ते अडीचमधले. सहा मिनिटं, चार मिनिटं, नऊ मिनिटं. त्या वेळी तो जेवून आडवा झालेला असतो.

म्हणजे झोपेत आपणच करतो, असं त्याने ठरवलं. दुःखात माणूस काहीही करतो. पण मग श्रुतिकाला बाईचा आवाज कसा ऐकू येतो?

खालच्या मजल्यावर माणिक राहायचा, त्याच्याच कारखान्यातला जुना फिटर. जयवंतने त्याला मोबाइल दिला. "एक ते चार तुझ्याकडे ठेव. हातातच ठेव."

"का रे, कुणी बाई त्रास देते का या वयात?" माणिक हसला. जयवंत हसला नाही, तेव्हा त्यानेही हसू गिळलं.

चार वाजता माणिक वर आला. "घे बाबा तुझं डबडं. मांडीवर घेऊन बसलो होतो. वाजला नाही, कुणी हात लावला नाही."

त्याच्यासमोरच जयवंतने यादी उघडली. अंधेरी, दोन वाजून बारा मिनिटं. सात मिनिटं.

माणिकने चष्मा वर करून ते वाचलं. मग फोन टेबलावर ठेवला, जरा लांब. "अरे, जयवंत," तो म्हणाला, "तू चारकोपला जा पोराकडे. आजच जा." त्यानंतर तो जिन्यात भेटला की नुसती मान हलवायचा.

सर्वेश रविवारी आला. टेबलावरचा तक्ता बघून त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. "बाबा, हे अजून रद्द नाही केलं? एकटे जाणार तुम्ही?"

"तिला शब्द दिलाय."

"आईला शब्द दिलाय, ठीक. पण अपूर्वाची तारीख अलीकडे आलीय. डॉक्टर म्हणतात डिसेंबरअखेर होईल. मला तुम्ही हवे आहात इथे. तिची आई पण येऊ शकत नाही. परत येणार ना वेळेवर?"

"न यायला काय झालं?" जयवंत म्हणाला.

पुढचे फोन लहानसहान गोष्टींचे होते. कोचीला मसाल्याचा बाजार नको, फक्त पाण्यावरची बोट. खिडकीची जागा ह्यांना द्या. मग एकदा श्रुतिका म्हणाली, "मॅडमनी स्वतःचं जेवण सगळीकडून काढलं. एकच ठेवा म्हणाल्या. उपास असतो का त्यांचा?"

"असतो," जयवंत म्हणाला.

दुसऱ्या वेळी: "बेटावर जाताना मोठं जहाज लांब थांबतं, छोट्या होडीतून नेतात. लाइफ जॅकेट दोन लिहिली तर मॅडम म्हणाल्या एकच लागेल."

जयवंत एका एका गोष्टीवर खूण करत गेला. तक्ता भरत होता. सकाळी उठायला कारण होतं. दुपारी तो आता झोपत नसे. जेवून, हात धुऊन, मोबाइल समोर ठेवून खुर्चीत बसायचा आणि दोन वाजायची वाट बघायचा. त्याला काही दिसायचं नाही, ऐकू यायचं नाही. मोबाइलचा पडदा काळाच असायचा. अडीचला बघितलं की यादीत फोन असायचा. एवढं जवळ घडूनही आपल्याला काही मिळत नाही, हे त्याला सोसेना.

एका दुपारी साडेतीनला त्याने श्रुतिकाला विचारलं, "पुढच्या वेळी मॅडमचा फोन आला की एक विचारशील? म्हणावं, माझ्यावर राग आहे का? त्या दिवशी मी फोन उचलला नाही म्हणून."

"काका, घरात भांडण झालंय का? एकाच घरात राहता ना तुम्ही?"

"विचार एवढं. मी पाया पडतो तुझ्या."

"अहो काका, काय हे. विचारते."

दुसऱ्या दिवशीपर्यंत त्याने पाणीसुद्धा नीट प्यायलं नाही. साडेतीनला फोन वाजला.

"नाही म्हणाल्या काका. राग नाही. म्हणाल्या, फोन कापला तेव्हाच मला कळलं, हे जागा धरून बसलेत. म्हणाल्या, माझ्यासाठीच धरून बसले होते ना."

जयवंत भिंतीला टेकला. दोन महिन्यांत पहिल्यांदा त्याला रडू आलं, तोंडावर टॉवेल दाबून, खालच्या माणिकला ऐकू जाऊ नये म्हणून. मग त्याने तोंड धुतलं, कपाटाखालची बॅग ओढली आणि भरायला घेतली.

निघायला चार दिवस उरले. शुक्रवारी संध्याकाळी साडेपाचला श्रुतिकाचा फोन आला. तिचा आवाज नेहमीसारखा नव्हता.

"काका, बेटाची यादी आज सहाला बंद होते. मॅडमनी परतीच्या होडीतून दोन्ही नावं काढायला सांगितलीयत."

"दोन्ही?"

"हो. मी म्हटलं मॅडम, तिथे राहता येत नाही, परवानगी दिवसाचीच असते, जहाज निघून जाईल. तर म्हणाल्या, जाऊ दे. माझं काढलं. तुमचं तुम्हाला विचारल्याशिवाय काढणार नाही."

चारकोपहून सर्वेशचा फोन येत होता, कानाशी टुकटुक ऐकू येत होती. जयवंतने तो कापला नाही, उचललाही नाही.

"श्रुतिका," त्याने शेवटी विचारलं, "तिचा आवाज कसा येतो तुला? लांबून?"

"छे. स्पष्ट. तुमचाही येतो की."

"माझा?"

"म्हणजे मागून. प्रत्येक वेळी तुम्ही मागून काहीतरी सांगत असता ना, त्या बोलतात तेव्हा. आज तर तुम्हीच ओरडून सांगितलंत, परतीचं नको म्हणून. मग मला परत कशाला विचारता, काका? काय लिहू मी?"

टुकटुक थांबली. लगेच पुन्हा सुरू झाली.

"दोन मिनिटं दे," जयवंत म्हणाला.

घड्याळात पाच वाजून चाळीस झाले होते. बॅग दाराशी होती. टेबलावरच्या तक्त्यात गोवा भरलं होतं, कोची भरलं होतं, बेटावर उतरायची वेळ भरली होती.

परतीच्या होडीत त्याचं नाव ठेवायचं की काढायचं, तेवढं सांगायचं राहिलं आहे.