पेटीतला श्वास

"अक्का, ती शर्यत मी जिंकले का पेटीनं जिंकली, एवढंच शोधून द्या."

हळ्ळीखेडची मंजुश्री खासगी तपास करणाऱ्या दानेश्वरीच्या कचेरीत उभी होती. काल कलबुर्गीच्या मैदानावर ती अशी पळाली होती की लोक टाळ्या वाजवायचंच विसरले. दानेश्वरीचा मदतनीस अमरनाथ तिथे होता. आठवलं तरी त्याच्या अंगावर काटा येई.

मग बातमी फुटली. शर्यतीआधी ती प्राणवायूच्या पेटीत बसली होती. दाबाखाली शुद्ध प्राणवायू घेतला की दम लागत नाही म्हणे. या स्पर्धेत त्याला बंदी होती. संध्याकाळी पंच बंडेप्पा तिचं नाव राज्याच्या संघातून खोडणार होते.

"बसलीस कामून?" अमरनाथने विचारलं.

"गुंडेराव सर म्हणाले, पोटऱ्या दुखायच्या थांबतील. बंदी हाय हे मला कुठं ठाऊक?"

"आत कानाला दडे बसले?" दानेश्वरीने मध्येच विचारलं.

"न्हाई. पंखा भणभणायलता, छान डोळा लागला." तिचा हात गळ्यातल्या इष्टलिंगाच्या चांदीच्या डबीकडे गेला. "हे तेवढं जवळ होतं. अंगावरून कधीच उतरवत न्हाई मी."

प्रशिक्षक गुंडेराव तर चिडलेच. "तासभर आत होती. मी दाराशी बसलो होतो. खोटं कशाला बोलू?"

पेटी चालवणारा शिवय्या जंगम, कपाळभर भस्म लावलेला. "व्हय अक्का, बसवलं होतं," तो फरशीकडे बघत म्हणाला.

"मग आमच्या अमरनाथलाही बसवा."

शिवय्याने अमरनाथचं घड्याळ काढलं, अंगठी काढली, शेवटी कमरेचा चांदीचा करदोटासुद्धा. अमरनाथ लाजून चूर. "धातू चालत न्हाई साहेब. ठिणगी पडली तर आतल्या आत जळून जाल." पेटी सुरू झाली आणि अमरनाथचे दोन्ही कान गच्च झाले.

बाहेर येऊन तो म्हणाला, "अक्का, जरा मोठ्यानं बोला."

संध्याकाळी मैदानावर सगळे जमले. बंडेप्पांच्या हातात पेन तयार होता.

"करदोटा उतरवणाऱ्या माणसाने चांदीची डबी आत कशी जाऊ दिली?" दानेश्वरी म्हणाली. "शिवय्या, तुम्ही जंगम, लिंगायतांचे गुरू. लिंग उतरव म्हणायला तुमची जीभ रेटली नाही. आणि डबीसकट प्राणवायू सोडायला हात धजला नाही. तुम्ही दार लावलंत आणि नुसता पंखा फिरवलात. दाबच नव्हता, म्हणून हिला दडे बसले नाहीत."

शिवय्याचे डोळे भरले. "व्हय अक्का. पोरीचा जीव गेला असता. सरांना सांगायला भ्यालो, नोकरी जाईल म्हणून."

बंडेप्पांनी पेन खिशात ठेवला. "म्हणजे कालचं ते पळणं..."

"त्या पेटीत हीच हवा होती," दानेश्वरी म्हणाली, " या मैदानावरची."

मंजुश्रीने छातीवर हात ठेवला. "मग ते सगळं माझंच व्हतं?"

अमरनाथ पुढे झाला. वयाने दुप्पट असलेल्या त्या माणसाने पोरीपुढे हात जोडले.