जमनीचा बोर्ड

ही घटना खरी आहे. नेरला बसस्टँडमागच्या रस्त्यावर कुणालाही विचारा, दुकान दाखवतील. शटर आता बंद असतं.

भुताची गोष्ट म्हटली की लोकांना अमावस्येची रात्र लागते. इथं तसलं काहीच नव्हतं. दिवेलागणीची वेळ, रस्त्यावर रहदारी, समोरच्या गाडीवर भजी तळणं चालू... आणि तरीही ते घडत होतं. २०२३ चा फेब्रुवारी. ममता माझी मावसबहीण. तिच्या तोंडून जसं ऐकलं तसंच सांगतो, तिखटमीठ लावायची गरजच नाही.

ममताचा नवरा अश्वजित ई-रिक्षाच्या लिथियम बॅटऱ्या बांधायचा, दुरुस्त करायचा. त्याच्या हाताला तोड नाही, असं अख्खं नेर म्हणायचं. ममता तर जरा जास्तच म्हणायची. काउंटर ती सांभाळायची.

बॅटरीच्या पेटीत नुसते सेल नसतात. आत एक हिरवा बोर्ड असतो. एखादा सेल जास्त भरला, तापला, की तो वीज तोडतो. बोर्ड आहे म्हणून माणूस बॅटरी चार्जिंगला लावून निवांत झोपतो. हे ममताला अश्वजितनंच शिकवलं होतं.

आता जमनी. जवळच्या तांड्यावरची, पंचविशीची, नेर ते तांडा रिक्षा चालवणारी. तोंडानं फटकळ, मनानं साफ. ममताशी तिचं चांगलं जमायचं.

तिकडच्या रिक्षावाल्यांची एक पद्धत आहे. बॅटरी दुकानात टाकायची तर आतल्या मालावर आपली खूण करायची, म्हणजे दुकानदार चांगलं काढून भंगार बसवत नाही. कुणी पेंटचा ठिपका देतो, कुणी खिळ्यानं ओरखडा मारतो. जमनीनं नव्या पेटीचं झाकण लागायच्या आधी ममताचीच नेलपॉलिश मागून घेतली आणि बोर्डाच्या कडेला तीन लाल ठिपके दिले.

"माह्यावर भरोसा नाई का?" अश्वजित हसत म्हणाला.

"वयनीवर हाये. तुमचं पाहू," जमनी म्हणाली.

सगळे हसले. ममताला मात्र ते थोडं लागलं होतं.

त्या हंगामात कापूस कुणी विकत नव्हतं. आदल्या वर्षी भाव चढला होता, यंदा पडला. आज वाढेल, उद्या वाढेल म्हणत ज्यानं त्यानं कापूस घरातच रचून ठेवला. खोल्या आढ्यापर्यंत पांढऱ्या. अंगाला खाज सुटायची, तरी लोक तिथंच झोपायचे. जमनीची समोरची खोलीही कापसानं भरलेली, आणि घरात प्लग तेवढाच एक, तोही त्याच खोलीत. पेटी बाहेर ठेवली तर चोरीला जाते, म्हणून ती रोज ओढून आत घ्यायची आणि कापसाशेजारी चार्जिंगला लावायची. एकटी तीच नाही, सगळा तांडा तेच करत होता.

डिसेंबरात तिची पेटी दुकानात सर्व्हिसिंगला येऊन गेली. थोड्या दिवसांनी ती रिक्षा घेऊन परत आली.

"वयनी, पेटीले वास येऊन राह्यला. गोड गोड. नेलपॉलिशसारखा."

ममतानं वाकून पाहिलं. वास येत होता. तिनं आत जाऊन नवऱ्याला विचारलं. अश्वजितनं मानसुद्धा वर केली नाही.

"नवीन चिकटपट्टी लावली, तिचा वास हाये. घेऊन जाय म्हना."

ममतानं बाहेर येऊन तेच सांगितलं. "काई नाई होत. बिनधास्त घेऊन जा." जमनी गेली.

त्याच आठवड्यात कापूस पेटला.

जमनीची आई रुपीबाई पाणी आणायला गेली होती म्हणून वाचली. जमनी आत होती. कापसाची आग बाहेरून दिसते त्याहून आत जास्त असते. लोकांनी दार तोडलं तोवर सगळं संपलं होतं.

गावानं दोष कुणाला द्यावा? मेलेलीला. कापसात बॅटरी कुणी लावतं का, असं तेच लोक म्हणाले ज्यांच्या घरी त्या क्षणीसुद्धा तशीच लावलेली होती. पंचनाम्यातही तिचाच निष्काळजीपणा नोंदवला गेला. अश्वजित तेच बोलला. आणि ममताही काउंटरवर येणाऱ्या प्रत्येकाला तेच सांगत राहिली. नवऱ्याच्या कामाकडं कुणी बोट दाखवू नये, एवढंच तिला कळत होतं.

रुपीबाई एकदाच दुकानासमोरून गेली. तिनं वर पाहिलं नाही.

मग फेब्रुवारी उजाडला.

दुकानात भिंतीला चार चार्जर होते. चार्जर रिकामा असला की दिवा हिरवा, बॅटरी भरत असली की लाल. त्या संध्याकाळी तीन चार्जरना बॅटऱ्या लावलेल्या होत्या. चौथा रिकामा. ममता बुद्धाच्या फोटोपुढं मेणबत्ती लावून वळली...

चौथ्या चार्जरचा पंखा फिरत होता.

दिवा लाल.

क्लिप खिळ्याला टांगलेली होती. तिला काहीच जोडलेलं नव्हतं.

"चार्जर गेला," अश्वजित म्हणाला. त्यानं तो काढून नवा लावला. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला नवाही लाल झाला.

पुढच्या संध्याकाळी दारात रिक्षा थांबल्याचा आवाज आला. मोटारीची बारीक घरघर... ब्रेक... आणि कुणी उतरल्यावर सीट करकरते तसा आवाज.

"काय पायजे जी?" म्हणत ममता उठली.

दारात कुणी नव्हतं. रिक्षा कुठं गेली, असं तिनं समोर विचारलं.

"कोनती रिक्षा?" भजीवाल्यानं उलट तिलाच विचारलं.

ती आत वळली आणि जागीच थांबली. दुकान गप्प झालं होतं. तिन्ही चार्जरचे पंखे बंद. वीज होती, बल्ब लागलेला होता. फक्त चौथा चालू होता, आणि तिथून वास येत होता...

गोड गोड.

"तुमाले वास येते?" तिनं अश्वजितला विचारलं.

"नाई," तो म्हणाला. त्या दिवसापासून दिवेलागण झाली की त्याला बाहेर काही ना काही काम निघू लागलं. ममताच्या मनात तिथंच पाल चुकचुकली. घाबरलेला माणूस चार्जरकडं पाहील. हा चोरून तिच्याकडं पाहत होता.

त्याच आठवड्यात ममताचा धाकटा भाऊ सुगत आपल्या ई-रिक्षाची पेटी तपासायला टाकून गेला. अश्वजित माल आणायला यवतमाळला गेला होता. पेटी टेबलावर होती. संध्याकाळ झाली. चौथा दिवा लाल झाला.

वास आला. पण आज तो एका जागी थांबला नाही.

चार्जरपासून निघाला... काउंटरजवळून गेला... आणि सुगतच्या पेटीवर येऊन थांबला. ममतानं नाक जवळ नेलं. पेटी थंड होती. वास पेटीचा नव्हताच, पेटीवर कुणीतरी वाकून उभं असावं तसा तो होता.

तिनं स्क्रूड्रायव्हर घेतला. स्क्रू दोनदा सुटून खाली पडला. शेवटी झाकण निघालं.

हिरवा बोर्ड. त्याच्या कडेला तीन लाल ठिपके.

तिचीच नेलपॉलिश.

तिच्या कानाशी कुणीतरी श्वास सोडला. खूप वेळ ताटकळलेलं माणूस सोडतं तसा, लांब. ती गर्रकन वळली. मागं भिंत होती, आणि चौथा दिवा विझलेला होता.

अश्वजित परत आला तेव्हा पेटी उघडीच होती. त्यानं ठिपके पाहिले आणि तो स्टुलावर बसला.

"पार्सल अटकलं होतं," तो म्हणाला. "बोर्डच नव्हते. तूच मांगं लागली होती, सुगतचं आधी करा म्हनून. जमनीची पेटी सर्व्हिसिंगले आलती. तिचा काढला, तारा सरळ जोडल्या. नवीन आला का लावून देनार होतो."

"आनं वास आला तवा?"

त्यानं झाकण उचलून पेटीवर ठेवलं.

"वास कायचा हाये थे मालूम होतं तुमाले?"

"हाव," तो म्हणाला. "सेल गळत होता. सांगतलं असतं तं दुकान बसलं असतं."

ममता मला म्हणाली, त्या वेळी भुताची भीती कुठल्या कुठं पळाली. समोर बसलेल्या माणसाचीच किळस आली. जमनीला तिनं ज्याच्या शब्दावर परत पाठवलं, तो हा माणूस.

सकाळी ती भावाकडं गेली. निदान तो तरी हादरेल, आपल्यासोबत उभा राहील, असं तिला वाटलं होतं. सुगतनं सगळं खाली मान घालून ऐकलं.

"ताई, मले मालूम होतं," तो म्हणाला. "भाऊजीनं बोर्ड काढला तवा टॉर्च मीच धरला होता."

"मंग बोलला काहून नाई?"

"तुया संसाराकडं पाहलं."

दोघं तिच्या हातचं जेवत होते, तिच्यासमोर जमनीला नावं ठेवत होते, आणि ती वेड्यासारखी त्यांच्या हो ला हो करत होती. अंधारात ठेवलं होतं ते फक्त तिलाच. तिनं भावाशी वाद घातला नाही. सुगतच्या पेटीतून काढून घेतलेला बोर्ड पदरात बांधून ती सरळ तांड्यावर गेली.

तांड्यावर चार माणसं जमवून तिनं सगळं सांगितलं. जमनीची चूक नव्हती, बोर्ड आमच्या दुकानात काढला गेला, हे स्वच्छ सांगितलं. नंतर पोलिसांतही तसाच जबाब दिला. अश्वजितवर केस चालू आहे. ममता आता एका खोलीत भाड्यानं राहते. भावाच्या घरची पायरी चढत नाही.

रुपीबाईनं त्या दिवशी बोर्ड हातात घेतला. ठिपक्यांवरून अंगठा फिरवला. ती रडली नाही. चार्जरचं, आवाजाचं, श्वासाचं सगळं ऐकून घेतलं आणि मग हळूच विचारलं...

"मी रोज दार उघडं ठेवते. माह्या घरी पोरगी एक डाव बी आली नाई. तुयाकडंच काहून आली?"

ममता उठून निघाली. तिनं नवऱ्याचं सांगितलं होतं, भावाचं सांगितलं होतं. जमनी वास येतो म्हणून दुकानात आली होती, तो वास आपणही घेतला होता आणि तरी तिला घरी पाठवलं होतं, एवढंच तिनं गाळलं होतं.

मला हे तिनं मागच्या महिन्यात सांगितलं. रुपीबाईला अजून सांगितलेलं नाही.