शेजारच्या वर्गातली मुलं

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, पण पद्मजामावशी बाता मारणाऱ्यातली नाही.

मिशिगनमधली गोष्ट. गेल्या नोव्हेंबरातला रविवार, आणि तोही भर दुपारी.

मावशी दर रविवारी मराठी शाळा घेते. नेहमीचा हॉल मिळाला नाही, म्हणून त्या दिवशी वर्ग गावाबाहेरच्या एका जुन्या इमारतीत भरला. तिथे पूर्वी बोर्डिंग स्कूल होतं, एवढंच तिला माहीत होतं.

मावशीचा नियम एकच. वर्गात इंग्रजी चालणार नाही म्हणजे नाही!

"मावशी, कॅन आय गेट सम वॉटर?" छोट्या अनयाने विचारलं.

"मराठीत माग. नाहीतर जा, कोपऱ्यात उभी राहा."

पोरगी बिचारी रडवेली होऊन कोपऱ्यात उभी राहिली.

मग मधली सुट्टी झाली. मदतीला आलेल्या सुलभाकाकू सगळ्या मुलांना मैदानावर घेऊन गेल्या. मावशी एकटीच फळा पुसत होती.

आणि शेजारच्या वर्गातून...

कुजबुज.

मग खुसुखुसु हसणं. बाकं सरकल्याचा आवाज.

"आत कोण कार्टी बसलीत रे?" मावशी तणतणली. भिंतीवर हात आपटून ओरडली, "हाताची घडी, तोंडावर बोट!"

आवाज थांबला... सगळा. एकदम.

मावशी खूश! पोरं ऐकतात म्हणायची. शाबासकी द्यायला तिने शेजारचं दार उघडलं...

खोली रिकामी. एक बाकसुद्धा नव्हतं.

खिडकीतून मैदान दिसत होतं. तिची सगळी मुलं तिकडे खेळत होती.



तेवढ्यात दारात एक म्हाताऱ्या बाई आल्या. लोरेन आजी. इथल्या मूळच्या, ओजिब्वे या आदिवासी जमातीतल्या.

"माझी थोरली बहीण या शाळेत होती," त्या म्हणाल्या. "लहानपणीच सरकारने घरातून उचलून आणली. आमची भाषा बोललं की इथे मार बसायचा. ती घरी परत आलीच नाही. पण आता या खोलीत तिच्यासारखी न परतलेली मुलं आमच्या भाषेत बोलतात. अगदी मनसोक्त. मी दर वर्षी ऐकायला येते."

आजी जमिनीवर बसल्या. कान देऊन.

काहीच नाही...

"असं कधी झालं नाही हो. कोणी रागावलं का त्यांना?"

धरणी पोटात घेईल तर बरं, असं मावशीला झालं. ती भिंतीजवळ गेली.

"बोला रे बाळांनो," ती मराठीतच पुटपुटली. "चुकलं माझं. तुमच्या भाषेत बोला."



मग कोपऱ्यातून एका मुलीचा बारीक आवाज आला. घाबरलेला. आणि मराठीत.

"हाताची घडी... तोंडावर बोट..."

आजींनी मावशीचा हात घट्ट धरला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"तीच ही! माझी बहीण! पण हे शब्द आमचे नाहीत. काय म्हणाली ती?"

मावशीला सांगता आलं नाही.

आता तिच्या वर्गात मुलं खुशाल इंग्रजी बोलतात. ती कुणाला गप्प बस म्हणत नाही.

आजींचा अजून फोन येतो... तेवढंच विचारायला.

मावशी उचलत नाही.